दहा झाले की बदल

१२ सप्टेंबर २००४, रविवार. शिल्लक ७९ दिवस.

रेडीमिक्स काँक्रीटवाल्यानं जानेवारीत दिलेली ही डायरी आजपर्यंत कोरी होती. साइटवर मोठा घोळ झाला की मी रोजची नोंद ठेवतो. तशीच ही. घोळ घरचा आहे, एवढाच फरक.

आज शाळेनं बोलावलं होतं (इथं सुट्टी शुक्रवारी), मला आणि बायकोला, रंजिताला. प्रिन्सिपल बाईंनी चहा दिला, मग फाइल उघडली. उर्वी, दुसरी ड, वय सात. इंग्लिशचा तास संपला, घंटा झाली, पस्तीस पोरांनी वह्या बदलल्या. हिनं नाही. टीचरनं वही ओढली, हिनं टीचरचा हात चावला. तिसऱ्यांदा.

"आम्ही नाही म्हणत नाही," बाई इंग्लिशमधून म्हणाल्या. "पण असेसमेंट रिपोर्ट आणा. तीस नोव्हेंबरपर्यंत. मग ठरवू."

सरळ लिहितो. ही शाळा गेली तर शारजात हिला घेईल अशी दुसरी नाही, तीन ठिकाणी विचारून झालंय. म्हणजे रंजिता उर्वीला घेऊन मिरजेला, बहिणीकडे. मी दुबईला देऱ्यात सहाजणांच्या खोलीत, वरचा बंक. वर्षातून एक महिना बाप. आमच्या ऑफिसात असे अकरा बाप आहेत. मला बारावा व्हायचं नाही.

रिपोर्ट चांगला आला पाहिजे. बस.

१७ सप्टेंबर, शुक्रवार. शिल्लक ७४.

सायबर कॅफेत तीन तास. उर्वीला ऑटिझम आहे हे दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या डॉक्टरनं सांगितलं. नाव कळलं, पुढं काय ते नाही कळलं. आज मेंदूबद्दल वाचलं. निम्मं डोक्यावरून गेलं. उरलेलं माझ्या भाषेत असं:

मेंदूचा प्रत्येक भाग म्हणजे एक सबकॉन्ट्रॅक्टर. शटरिंगवाला झकास काम करतो, स्टीलवालाही झकास. पण कोण कधी थांबणार, कोण कधी सुरू करणार हे प्लॅनिंगच्या पोर्टाकॅबिनमधून ठरतं. ती कॅबिन कपाळाच्या मागे. उर्वीच्या डोक्यात कॅबिन आहे, माणसं आहेत, पण कॅबिनपासून लांबच्या टोकापर्यंतचे वॉकीटॉकी खरखरतात. आणि जवळजवळच्यांचं आपापसात बोलणं एवढं दाट की बाहेरचं ऐकूच येत नाही. हल्लीच काही लोकांनी हे मांडलंय, अजून भांडणं चालू आहेत.

त्या कॅबिनच्या कामाला एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. आखणं, थांबणं, ध्यानात धरून ठेवणं, एकातून बाहेर पडून दुसऱ्यात शिरणं. अरे, ही तर माझी नोकरी! मी प्लॅनिंग इंजिनियर, नऊ वर्षं बार चार्ट काढतोय. बापाचंच खातं नेमकं पोरीच्या डोक्यात ढिलं निघावं.

आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं. मी तर लहानपणी हुशार म्हणून प्रसिद्ध होतो. सांगली स्टँडवरच्या सगळ्या एसट्यांच्या वेळा पाठ. पाहुणे आले की आई म्हणायला लावायची. मधे कुणी थांबवलं तर मी पहिल्यापासून सुरू करायचो. सगळे हसायचे.

२५ सप्टेंबर, शनिवार. शिल्लक ६६.

दुबईत, अल मनखूल. प्रमोदिनी मॅडमचं क्लिनिक. मुलांच्या मानसतज्ज्ञ, मूळच्या सोलापूरच्या, त्यामुळं मराठीत बोलता आलं. उर्वीनं पाऊण तास ठोकळे लावले, मॅडम फरशीवर तिच्या शेजारी बसल्या होत्या. मग आम्हाला आत घेतलं.

"गोड आहे पोरगी. एकदा लागली की लागली. सुटायचं कसं, हा प्रश्न."

"तेच ना मॅडम," रंजिता म्हणाली.

"सहा नोव्हेंबरला परत या. एक पत्त्यांचा खेळ घेईन. त्यात नियम मधेच बदलतो आणि मुलाला सांगत नाहीत. कसं सावरतं ते बघायचं. घरी काही तयारी करून घेऊ नका. अज्जिबात. तयारी झाली की टेस्ट मेली. आणि धनंजय, रिपोर्टमध्ये पास-नापास नसतं. ती कुठं अडते ते आकड्यात दाखवता आलं तर वर्गात मदतनीस बसवायला शाळा तयार आहे. मी बोललेय त्यांच्याशी."

हे त्या सगळ्याच आईबापांना धीर द्यायला म्हणत असणार. अडते म्हणून दाखवलं तर कुठली शाळा ठेवून घेते?

मधेच मला म्हणाल्या, "तुम्ही कॅलेंडरशी बोलताय की माझ्याशी?" मी माणसाशी बोलताना भिंतीकडे बघतो, त्यानं नीट ऐकू येतं. रंजिता हसली. यात हसण्यासारखं काय होतं?

महत्त्वाचं: टेबलावर मॅडमचा कोरा फॉर्म होता. साइटवर ड्रॉइंग समोरच्याच्या बाजूनं वाचायची सवय, त्यामुळं उलटं वाचता येतं. टेस्टचं नाव मिळालं.

२९ सप्टेंबर, बुधवार. शिल्लक ६२.

सापडलं! समोर चार पत्ते मांडतात. हातातला पत्ता कुठल्या तरी एकाखाली ठेवायचा. आधी रंग जुळवायचा. मग आकार. मग संख्या. मग परत रंग. समोरचा फक्त 'बरोबर' नाहीतर 'चूक' म्हणतो. आणि नियम कधी बदलतो? सलग दहा बरोबर आले की.

दहा. प्रत्येक वेळी दहा. याला टेस्ट म्हणतात? हे तर पाठ करून घेता येतं.

याकूबला सांगून ऑफिसच्या नकाशे छापायच्या प्लॉटरवर पत्ते काढले. याकूब आमचा ड्राफ्ट्समन, हैदराबादचा. त्रिकोण, तारा, प्लस, गोल. लाल, हिरवा, पिवळा, निळा. एक ते चार. चौसष्ट.

"बॉस, ये कौनसे टॉवर का प्लॅन है?"

"बेटी का."

"तो फिर लॅमिनेट करतूं. बेटी का प्लॅन भीगना नक्को." यल्ला, म्हणजे चला, म्हणून लगेच बसला. प्लॉटर कशाला वापरला ते कुणी विचारलं नाही.

४ ऑक्टोबर, सोमवार. शिल्लक ५७.

सराव, रोज संध्याकाळी साडेसहा ते सव्वासात. आज रंग जमला, लगेच. दहा, वीस, तीस. मी "चूक, आता चूक" म्हणतोय, ती लाल खाली लालच ठेवतेय. सदतीस वेळा. अडतिसाव्याला मी तिचं मनगट धरलं. जोरात. तिथं लाल झालं. ती रडली नाही, मनगटाकडे बघून "रेड" म्हणाली आणि हात लाल पत्त्याखाली ठेवला.

हे रंजिताला सांगितलेलं नाही. इथं लिहितोय.

७ ऑक्टोबर, गुरुवार. शिल्लक ५४.

युक्ती सापडली. तिला मोजायला आवडतं. लिफ्टमध्ये मजले मोजते, खालिद लगूनच्या पाण्याच्या कडेनं जाताना दिव्याचे खांब मोजते, प्रत्येकाला हात लावून. तर नियम शोधायचाच नाही. मोजायचं. दहा झाले की बदल.

"टेन. चेंज," ती म्हणते. मी "गुड गर्ल" म्हणतो आणि एक बेदाणा देतो. आता ती स्वतःच म्हणते, "टेन. चेंज. गुड गर्ल." आणि "रेझिन" म्हणत बेदाणा उचलते.

संध्याकाळी तिघं बाहेरून आलो तर पार्किंगच्या ब-१७ मध्ये कुणाची तरी पजेरो. ब-१७ माझी जागा, पाच वर्षं. वॉचमन म्हणाला ब-२२ रिकामी आहे, तिथं लावा. मी नाही लावली. बिल्डिंगला फेऱ्या मारत राहिलो, पजेरो निघेपर्यंत. पंचवीस मिनिटं. रंजिता मागून म्हणाली, "धनंजय, पोरीला शू लागलीय." जागा ठरलेली असते ती कशासाठी? त्या पजेरोवाल्याला शिस्त नाही.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार. शिल्लक ४६.

आजपासून रमजान. शेजारच्या मैमुनाबी दारात. दाभोळच्या, सत्तरीच्या, मुलाकडे असतात. उर्वीचं त्यांच्याकडे जाणंयेणं आहे. मस्जिदीत वाटलेलं टाइमटेबलचं कार्ड घेऊन आल्या होत्या, रोजा सोडायच्या वेळेचं. रोजची वेळ वेगळी, सूर्य मिनिटामिनिटानं आधी बुडतो.

"उर्वीला माझ्याकडं पाठव रोज. खजूर वाटायचं काम तिचं."

मी म्हटलं, "मैमुनाबी, वेळ रोज बदलते. ती थयथयाट करेल."

"बदलते ती लिहिलीय ना यात? लिहिलेल्यावर कोण रागावतंय? तू रागावतोस, कारण तुला कुणी आधी सांगत नाही."

खजूर वाटायला गेली. पाच एक्कावन्न. परत येऊन "टुमॉरो फाइव्ह फिफ्टी," म्हणाली. शांत होती. पण परत येईपर्यंत सात वाजले, माझ्या सरावाची वेळ सरकते. कटकट.

२१ ऑक्टोबर, गुरुवार. शिल्लक ४०.

रंजिताशी वाजलं. तिनं पत्ते पहिल्यांदाच नीट बघितले.

"मॅडम नको म्हणाल्या होत्या."

"आपण दहावीला जुने पेपर सोडवले नव्हते का? तू बी.कॉमला गाइड वाचली नव्हतीस?"

"ती परीक्षा होती."

"ही पण परीक्षाच."

"ही तपासणी आहे धनंजय. रक्त तपासायला देताना तू शेजाऱ्याचं रक्त देतोस का?"

  मी म्हटलं, चार्टवर अजून सोळा दिवस सराव दाखवलाय, तो पूर्ण होईल. ती म्हणाली, "तुला थांबताच येत नाही." थांबायचं कशाला? आकडे चढतायत!

मैमुनाबींकडे आज उर्वीनं आपणहून लाइट बंद केला म्हणे, एरवी कुणी बंद केला की थयथयाट. मैमुनाबी भाकरी थापता थापता सांगतात, "तीन भाकऱ्या, मग लाइट बंद. दोन भाकऱ्या. एक." आणि बंद. भाकरीचा आणि लाइटचा काय संबंध?

२८ ऑक्टोबर, गुरुवार. शिल्लक ३३.

साठपैकी साठ. एकही चूक नाही. टेन, चेंज, गुड गर्ल. आता चूक म्हणायला मला तोंडच उघडावं लागत नाही.

२ नोव्हेंबर, मंगळवार. शिल्लक २८.

इथले राष्ट्राध्यक्ष शेख झायेद गेले. संध्याकाळी बातमी आली. सगळ्या चॅनेलवर फक्त कुराण. खाली लगूनच्या रस्त्यावर गाड्या हळू चाललेल्या, हॉर्न नाही. मैमुनाबी रडत होत्या. "या माणसानं वाळूत झाडं लावली रे."  मीही नऊ वर्षं याच माणसाच्या देशाचं मीठ खाल्लंय.

उर्वीला तिचं कार्टून लागलं नाही. रिमोटची सगळी बटणं दाबली, मग डोकं भिंतीला. नऊ वेळा. दहाव्याला रंजितानं मधे उशी धरली.

३ नोव्हेंबर, बुधवार. शिल्लक २७.

सगळं बंद. क्लिनिकमधून फोन: सहाची अपॉइंटमेंट रद्द, ईदनंतर बघू.

बघू म्हणजे काय? माझा चार्ट सहा तारखेला संपतो. मी सराव असा बसवलाय की पाचला कमी, सहाला सकाळी फक्त दहा पत्ते. आता मधे अकरा-बारा दिवस. सोडला तर विसरेल, चालू ठेवला तर कंटाळेल. नवीन चार्ट काढायला बसलो. तारीखच नाही तर चार्ट कसा काढणार? चार वेळा काढला, चार वेळा फाडला. पाचव्यांदा पट्टी हातातून उडाली, रंजिताच्या कपाळाला लागली. मी मारली नाही. उडाली. मी ओरडत होतो एवढं खरं. काय ओरडत होतो ते आठवत नाही. रंजिता म्हणते की मी एकच वाक्य म्हणत होतो, "सहा म्हणजे सहा."

आवाज ऐकून मैमुनाबी आल्या. रंजिताच्या कपाळाला बर्फ लावला. जाताना तिला म्हणाल्या, "याला पण एक कार्ड करून दे."

टिंगल करायची ही वेळ होती का?

५ नोव्हेंबर, शुक्रवार. शिल्लक २५.

तारीख मिळाली. सतरा नोव्हेंबर, चार वाजता. चार्ट झाला. जेवलो.

१७ नोव्हेंबर, बुधवार. शिल्लक १३.

झालं. मी बाहेर बाकावर, रंजिता शेजारी. दार अर्धवट उघडं होतं. मॅडमचं "बरोबर, बरोबर" ऐकू येत होतं. मी बोटांवर मोजत होतो. दहा. मग परत "बरोबर". म्हणजे बदललं! परत दहा. बदललं! शेवटपर्यंत एकदाही "चूक" ऐकू आलं नाही. मला नाचावंसं वाटलं.

मॅडम बाहेर आल्या. त्यांचा चेहरा नाचावंसं वाटल्यासारखा नव्हता.

"धनंजय, नियम बदलल्यावर मी चूक म्हणते. त्यावरून मुलाला कळतं की बदललाय. उर्वी मी चूक म्हणायच्या आधीच बदलत होती. प्रत्येक वेळी. मोठ्या माणसालाही ते जमत नाही, कारण ते कळायला मार्गच नाही. घरी कुणी खेळलं का तिच्याशी हा खेळ?"

मी कॅलेंडरकडे बघितलं. "नाही."

रंजितानं माझ्याकडे बघितलं. 

आतून उर्वीचा आवाज: "गुड गर्ल. रेझिन प्लीज."

मॅडमनी आत वळून बघितलं. "बरं," म्हणाल्या. "मला दिसलं ते मी लिहीन."

गाडीत रंजिता पुढं बसली नाही, मागं उर्वीजवळ बसली.  सिग्नलला वाटलं, परत फिरावं. पण परत फिरायचं ठरलेलं नव्हतं.

२० नोव्हेंबर, शनिवार. शिल्लक १०.

रिपोर्ट. दीड पान. "नियम बदलल्यावर जुळवून घेण्याची क्षमता: या चाचणीत अडचण दिसली नाही. निकाल नेहमीसारखा नाही, जपून वाचावा." मी दुसरं वाक्य वाचलंच नाही म्हटलं तरी चालेल. थेट शाळेत गेलो.

प्रिन्सिपल बाईंनी दोनदा वाचला. चष्मा काढला.

"म्हणजे तिला बदलणं जमतं."

"येस मॅडम. पर्फेक्ट."

"मग वर्गात करत नाही ते हट्टानं." बाईंनी फाइल मिटली. "मिस्टर धनंजय, आम्ही मदतनिसाची सोय करून ठेवली होती. अडचण आहे असं डॉक्टरांनी लिहिलं असतं तर. पण हा शिस्तीचा प्रश्न असेल, पोरगी मुद्दाम चावत असेल, तर बाकीच्या पालकांना मी काय सांगू? तीसला दाखला घेऊन जा."

पार्किंगमध्ये बसून होतो. एसी लावायचं सुचलं नाही. पंचवीस सप्टेंबरचं पान काढून वाचलं. मॅडम काय म्हणाल्या होत्या ते माझ्याच अक्षरात आहे. सगळं. शब्दाला शब्द. मी लिहून घेतलं होतं आणि ऐकलं नव्हतं.

२२ नोव्हेंबर, सोमवार. शिल्लक ८.

रंजितानं वरची सूटकेस काढली. कपडे भरत नाही, फक्त पलंगावर उघडी ठेवलीय. उर्वी त्यात बसते आणि लिफ्टसारखं "डोअर्स क्लोजिंग" म्हणते.

"तू जाऊन प्रमोदिनी मॅडमना सांगणार की मी सांगू?"

"काय सांगू? खोटं बोललो म्हणून? मग त्या रिपोर्टच फाडतील. आत्ता निदान तो तरी आहे."

"त्या रिपोर्टनं तुझ्या पोरीला चावरी ठरवलं."

"प्लॅन बरोबर होता रंजिता. ती पास झाली. शाळेनं चुकीचा अर्थ काढला."

"सदतीस वेळा," ती म्हणाली.

"काय?"

"सदतीस वेळा लालखाली लाल. पहिल्या आठवड्यात. मी दारात उभी होते. मनगट पण बघितलं होतं." मग हळूच, "आता तू किती वेळा ठेवणार आहेस तोच पत्ता?"

 बाल्कनीत जाऊन समोरच्या टॉवरचे मजले मोजले. सत्तावीस. परत मोजले.

२४ नोव्हेंबर, बुधवार. शिल्लक ६.

गेलो. अपॉइंटमेंट न घेता. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठं न ठरवता गेलो असेन.  चौसष्ट पत्ते टेबलावर ठेवले.

प्रमोदिनी मॅडमनी एक उचलला. "लॅमिनेशन छान आहे."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी सगळं सांगितलं, उलटं वाचलेल्या फॉर्मपासून. भिंतीकडे बघूनच सांगितलं, पण सांगितलं.

"ही टेस्ट आता निदान वर्षभर तिच्यावर चालणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिला नियम शोधायला नाही शिकवलंत, मोजायला शिकवलंत. मोजायला तिला येतच होतं. जो रस्ता कच्चा होता तो तुम्ही झाकला, आणि मी नेमका तोच बघणार होते."

"काहीच होणार नाही का मॅडम? इन्शाल्ला म्हणू नका फक्त."

हसल्या. "टेस्ट एक साधन आहे, एकमेव नाही. मला तिचं रोजचं जगणं लागेल. कधी अडली, किती वेळ, कशानं सुटली. तारखेसकट, त्या त्या दिवशी लिहिलेलं. आठवून सांगितलेलं नको, आता तुम्ही सगळेच आठवताना तुमच्या बाजूनं आठवाल. असं कुणी लिहून ठेवतं का हो?"

डायरी बॅगेत होती. नेहमी असते.

बॅग मांडीवर घेतली. यात मनगट आहे. पट्टी आहे. 'नाही' म्हटलेलं आहे. ऑफिसचा प्लॉटर आहे. रंजितानंसुद्धा हे वाचलेलं नाही.

"त्यात नको ते पण आहे मॅडम."

"मग तर लागेलच."

हे शेवटचं त्यांच्या बाकावर बसून लिहितोय. आता आत देतो.

२९ नोव्हेंबर, सोमवार. शिल्लक १.

डायरी परत मिळाली. पाच दिवस हात रिकामा रिकामा वाटत होता.

नवा रिपोर्ट सहा पानी. पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय की आधीची पत्त्यांची चाचणी घरच्या सरावामुळं बाद धरावी. माझं नाव नाही, 'पालक' आहे. पुढं सगळं इथलंच. चार ऑक्टोबर, दोन नोव्हेंबर. आणि ज्यांना मी कटकट म्हटलं होतं त्या ओळी: रमजानचं कार्ड, मैमुनाबींच्या तीन भाकऱ्या. 'बदल आधी डोळ्यांना दिसला, मोजता आला, तर मुलगी तो स्वीकारते. अचानक आला तर नाही. हा हट्ट नाही.' खाली शिफारस: मदतनीस, आणि बाकावर दिवसाच्या वेळापत्रकाची पट्टी.

दीड महिना मी टेबलाशी तिला शिकवत होतो, आणि शिकली ती शेजारच्या स्वयंपाकघरात.

एक कळलं नाही. मॅडमनी डायरीत पेन्सिलीनं खुणा केल्यात. उर्वीच्या ओळींना बारीक टिक, समजू शकतो. पण काही ओळींच्या शेजारी प्रश्नचिन्ह आहे, आणि त्यातली एकही ओळ उर्वीची नाही. एसटीच्या वेळा. ब-१७ आणि पजेरो. भिंतीकडे बघून ऐकणं. "सहा म्हणजे सहा." एकूण एकोणीस. शेवटच्या पानावर लिहिलंय, "वेळ मिळाला की एकटे या. घाई नाही. तारीख तुम्ही ठरवा."

बहुधा पट्टीबद्दल रागावणार असतील. तसं असेल तर मी ऐकून घेईन.

३० नोव्हेंबर, मंगळवार. शिल्लक ०.

प्रिन्सिपल बाईंनी सहाही पानं वाचली. आम्ही तिघं समोर, उर्वी टेबलावरचं पेपरवेट फिरवत.

"मार्चपर्यंत," बाई म्हणाल्या. "मदतनीस सोमवारपासून. मार्चमध्ये परत बसू. आणि मिस्टर धनंजय, घरी कुठलाही सराव नको."

"खलास, मॅडम. काही नाही."

रंजितानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, पंधरवड्यात. कपाळावरची खूण आता पुसट झालीय.

सूटकेस परत वर ठेवली. उर्वीला आधी पाच बोटं दाखवली, मग चार, मग तीन. ती एकला आपणहून बाहेर आली.

१ डिसेंबर, बुधवार. शिल्लक १२०.

फ्रिजवर दोन कार्डं. एक उर्वीचं: ब्रश, दूध, बस, मैमुनाबी, चित्रं. दुसऱ्यावर माझं नाव, रंजिताच्या अक्षरात. मी म्हटलं, हे काय नवीन? ती भाजी निवडत होती, बघितलंही नाही. म्हणाली, "मैमुनाबींनी सांगितलं म्हणून केलं. नको असेल तर काढ."

काढणार होतो. मग वाचलं. 'आज ब-१७ बंद. रंगकाम. गाडी ब-२२ मध्ये.' खाली उर्वीनं रंगवलेली गाडी. निळी. आमची पांढरी आहे, पण असो.

ऑफिसमध्ये दिवसभर तीन-चारदा आठवलं. ब-२२, ब-२२. याकूबनं विचारलं, "क्या बडबडा रहे बॉस?" संध्याकाळी खाली पोचलो, ब-१७ समोर रंगाचे डबे, दोरी. पायानं ब्रेक दाबला, नेहमीसारखा. मग सरळ पुढं गेलो आणि ब-२२ मध्ये लावली. चार मिनिटांत वर.

दार उर्वीनं उघडलं. मला आत येऊ दिलं नाही. आधी फ्रिजजवळ गेली, कार्ड घेऊन आली, गाडीवर बोट ठेवलं.

"ट्वेंटी-टू?"

"ट्वेंटी-टू," मी म्हटलं.

तिनं मूठ उघडली. चिकट झालेला एक बेदाणा.

"गुड बॉय, डॅडी."

मी तिला सांगितलं, हे मला नसतं म्हणायचं. ती हात पुढं करून उभीच राहिली. शेवटी मी खाल्ला.